कामावरच्या हातांची राखण
(मंडळाच्या वर्धापनदिनी एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



वर्धापनदिनाला काहीतरी गोड विषय घ्यावा अशी रीत आहे. मागे रुखवतावर झाले, उन्हाळी वाळवणावर झाले. या खेपेस मला बोलावयास सांगितले तेव्हा मी विषय विचारला, तर चिटणीसबाई म्हणाल्या, "तुम्ही इतकी वर्षे कारखान्याच्या दवाखान्यात नर्स होता, त्यातलेच काही सांगा." त्यातले सांगायचे म्हणजे हातांविषयीच सांगावे लागणार. कारखान्याच्या प्रथमोपचाराच्या खोलीत डोकेदुखी येते, पोटदुखी येते, डोळ्यात कचरा गेलेला येतो; पण दार ढकलून दोघे एकाला धरून आत येतात, तेव्हा बहुतेक वेळा फडक्यात गुंडाळलेला हात असतो.

आपले चऱ्होली हे इंद्रायणीकाठचे शेतीचे गाव. 1954 साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली, 1962 साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ निघाले, मग भोसरी झाली, चिंचवड झाले आणि पुढे चाकण. 1997 साली आपले गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेत गेले. हा इतिहास तुम्हाला माझ्याहून अधिक ठाऊक आहे, कारण तो तुमच्या शेताच्या बांधावरून गेला. आता आपल्यापैकी अनेकींचे मालक, मुलगे, जावई सकाळी मोशीवरून चाकणची वाट धरतात. कित्येक सुना वायर हार्नेसच्या कारखान्यात जातात. आणि आपण बांधलेल्या खोल्यांतून लातूर-नांदेडची, बिहार-उत्तर प्रदेशची पोरे भाड्याने राहतात, तीही तिकडेच जातात. म्हणून हा विषय घरातला आहे.

मोठ्या मोटारींच्या कारखान्यात पाहुणे म्हणून गेले तर सारे कसे स्वच्छ, पिवळे पट्टे मारलेले, टोप्या घातलेले. पण त्या मोटारीला लागणारा लहानसा पत्र्याचा तुकडा तिथे होत नाही. तो होतो कुठेतरी आडबाजूच्या शेडमध्ये, ठेकेदाराच्या ठेकेदाराकडे. बोटे जातात ती बहुतेक तिथे. 'सेफ इन इंडिया' नावाची संस्था हरियाणात आणि आपल्या भागातही अशा जखमी कामगारांना मदत करते. 2019 पासून तिने 'क्रश्ड' या नावाने अहवाल काढले आहेत. वाहनांचे सुटे भाग बनविणाऱ्या लहान कारखान्यांत हाताची बोटे तुटण्याचे मोठे कारण पॉवर प्रेस, असे त्यांत पुन्हा पुन्हा आढळते.

हे यंत्र आहे तरी कसे, ते सांगते. कारण घरी नवरा 'प्रेसवर आहे' म्हणतो आणि आपल्याला कपड्याची इस्त्री आठवते. खाली डाय बसवलेली असते, वर पंच. मध्ये पत्रा ठेवायचा, पायाने पेडल दाबायचे, की वरचा पंच टनांच्या जोराने खाली येतो आणि पत्र्याचा जॉब तयार. तो काढायचा, पुढचा ठेवायचा. तासाला शेकड्यांनी. आता पाहा, हात पुढे, हात मागे, पाय खाली, हीच लय दिवसभर. बाराव्या तासाला पाय आधी पडतो आणि हात मागे यायचा राहतो. याला निष्काळजीपणा म्हणणारे साहेब मी पाहिले आहेत. त्यांना एक दिवस बारा तास पोळ्या लाटावयास बसवावे, म्हणजे कळेल.

जुन्या प्रेसची आणखी एक खोड असते. तिच्या क्लचमध्ये एक चावी असते. ती एकदा गुंतली की पंच पुरता खाली जाऊन वर आल्याशिवाय थांबत नाही. मध्येच 'अरे थांब' म्हणायची सोय नाही. आणि ती चावी किंवा तिची स्प्रिंग झिजली, की पेडल न दाबताही प्रेस आपोआप दुसऱ्यांदा खाली येते. कामगार याला 'डबल मारली' म्हणतात. तुमच्या घरचा माणूस जेवताना सहज म्हणाला, "आज मशीन डबल मारत होती," तर ताट वाढता वाढता हात थांबवा आणि त्याला विचारा, मग बंद करून दुरुस्त केली का? ज्या यंत्राने सकाळी डबल मारली त्यावर दुपारी काम चालू ठेवणे हा गुन्हाच समजावा.

यावर उपाय नाहीत असे नाही, आणि ते नवेही नाहीत. डायच्या तोंडाशी जाळी बसवायची, तिच्यातून पत्रा आत जाईल पण बोट जाणार नाही. पेडलऐवजी दोन बटणे ठेवायची, दोन्ही हातांनी एकाच वेळी दाबल्याशिवाय यंत्र हलणार नाही. मग हात आत राहतीलच कसे? चिमट्याने किंवा चुंबकाच्या काठीने जॉब काढायचा. प्रकाशाचा पडदा बसवायचा, म्हणजे हात आत गेला की यंत्र थांबते. हा पडदा मात्र त्या चावीच्या जुन्या प्रेसला उपयोगी नाही, कारण ती मध्ये थांबतच नाही. तिला जाळीच हवी. पण घडते काय? जाळीमुळे नग कमी निघतात म्हणून जाळी काढून कोपऱ्यात ठेवतात. दोन बटणांपैकी एक तारेने कायमचे दाबून बांधतात. खंडेनवमीला त्याच यंत्राला आपण झेंडूची माळ घालतो, हळदकुंकू वाहतो. माझे तर म्हणणे आहे, पूजेला बोलावले तर हळदकुंकू वाहताना जाळी जागेवर आहे का, तेही बाईने पाहून यावे. त्या दिवशी मालक रागावत नाहीत.

आता आपल्या सुनांविषयी थोडे अधिक सांगते, कारण इथे घरातल्या वडीलधाऱ्या बायांचा हात आहे.

हार्नेसच्या कामात तारेच्या टोकाला पितळी टोपण दाबून बसवतात. ते यंत्र लहान, पण बोटाला तेही ओळखत नाही. ड्रिल, ग्राइंडर, पट्टा, रोलर अशा कुठल्याही फिरत्या यंत्राजवळ तर पदर, ओढणी, सुटी वेणी, बांगड्या आणि अंगठी यांना जागा नाही. अंगठी कशात अडकली तर बोटाची कातडी मोजा काढावा तशी सोलून निघते. हातमोज्यांचेही तसेच आहे. धारेच्या पत्र्याला हातमोजा पाहिजेच, पण फिरत्या ड्रिलशी हातमोजा घातला तर तो गुंडाळला जातो आणि मागोमाग हात. म्हणून 'हातमोजा घातला म्हणजे झाले' हे खरे नव्हे. 1948 च्या कारखाने कायद्याच्या 22 व्या कलमाने चालू यंत्राजवळ तपासणीस जाणाऱ्या कामगाराला अंगाबरोबर बसणारे कपडे मालकाने द्यावेत असे सांगितले होते, आणि ज्या भागापासून इजेचा धोका आहे अशा वेळी चालू यंत्र पुसण्याचे वा तेल घालण्याचे काम बाईला देण्यास मनाई केली होती. त्या कायद्याची जागा घेणारी नवी संहिता संसदेने 2020 साली मंजूर केली. कायदे बदलतात, यंत्राचा स्वभाव बदलत नाही.

बांगड्यांचे बोलते. आपण बांगडी फुटली असेही म्हणत नाही, वाढवली म्हणतो. इतका तो विषय नाजूक. नवी नवरी कामाला जाते, सुपरवायझर सांगतो बांगड्या काढून ये, आणि घरी सासूबाई म्हणतात, मोकळ्या हाताने उंबरा ओलांडायचा नाही. मधल्यामध्ये ती पोर बांगड्या कोपरापर्यंत सरकवून वर रबर लावते. दहा वेळा सावरताना नजर यंत्रावरून हटते. सासूबाईंनो, तुम्ही स्वतः तिला एक डबी द्या. गेटवर काढून डबीत ठेवायच्या, सुटी झाली की घालायच्या. तुमच्या तोंडून निघालेला हा एक शब्द सुपरवायझरच्या दहा पाट्यांपेक्षा अधिक काम करील. सौभाग्याची काळजी आहे म्हणूनच हे सांगते; दहाही बोटे असली तर संक्रांतीला बांगड्या भरता येतील.

गावात अजून गाई-म्हशी आहेत, तेव्हा कडबाकुट्टीलाही विसरू नका. तिच्या तोंडाशी पेंडी सारायला बहुधा बाई किंवा शाळेतून आलेले पोर असते. पेंडी अडली की हाताने ढकलायची नाही. आधी बटण बंद, मग चाक पूर्ण थांबू द्यायचे, मग काढायची. मळणीयंत्रात इतके हात गेले की 1983 साली धोकादायक यंत्रांसाठी निराळा कायदा करावा लागला.

समजा, नको ते घडलेच. त्या वेळी काय करावे, हे तरी बरोबर असावे. जखमेवर स्वच्छ फडके घट्ट दाबून धरा आणि हात छातीच्या वर उचलून ठेवा. हळद, चुना, कॉफी, दंतमंजन, यांतले काही लावू नका. डॉक्टरांचा अर्धा वेळ ते धुण्यात जातो. हाताला अंगठी असेल तर सूज चढण्यापूर्वी काढा. लोंबणारा भाग तोडू नका, तसाच आधार देऊन न्या. चहापाणी देऊ नका, भूल द्यावी लागते. तुटलेले बोट यंत्रापाशी पडले असेल तर यंत्र बंद करून शोधा. ते स्वच्छ पाण्याने हलके धुवून, ओल्या स्वच्छ फडक्यात गुंडाळून, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. बोट थेट बर्फावर ठेवले तर ते जळते. दुधात तर मुळीच बुडवू नका. 108 ला फोन करा, किंवा रिक्षा धरा, पण जिथे प्लॅस्टिक सर्जन आहे अशा मोठ्या रुग्णालयाकडेच वळा. ग्रीसच्या किंवा रंगाच्या पिचकारीने बोटाला सुईएवढे भोक पडले आणि फारसे दुखतही नाही, तरीदेखील त्याच घटकेस रुग्णालय गाठा. आतून बोट मरत असते.

जोडलेले बोट चालते का, असे मला नेहमी विचारतात. 1963 साली शांघायच्या चेन झोंगवेई या डॉक्टरांनी यंत्राने तुटलेला एका कामगाराचा हात जोडला. 1965 साली जपानमध्ये कोमात्सू आणि तामाई यांनी सूक्ष्मदर्शकाखाली तुटलेला अंगठा जोडला. म्हणजे ही विद्या साठ वर्षांची आहे. चिरडलेले बोट पुष्कळदा जोडता येत नाही हे खरे, पण ते ठरवायचे सर्जनने. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात टाके घालून मोकळे होण्याची घाई कोणी करीत असेल, तर आपण आडवे उभे राहिले पाहिजे.

आणि आता पैशाचे. कायद्याने बोटांचे मोल लिहून ठेवले आहे. 1923 च्या नुकसानभरपाईच्या कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे अंगठा गेला तर कमाईची शक्ती 30 टक्के गेली असे धरत. अख्खी तर्जनी 14, मधले बोट 12, करंगळी किंवा अनामिका 7. एका हाताची चार बोटे गेली तर 50. राज्य कामगार विम्यानेही हेच माप घेतले. समजा मुलाचा पगार 15,000 रुपये, तर्जनी गेली. पगाराच्या 90 टक्के म्हणजे 13,500, त्याचे 14 टक्के म्हणजे 1,890 रुपये दरमहा, जन्मभर. थोडे वाटतात, पण विशीतल्या पोराला आयुष्यभर मिळणारे ते पैसे आहेत. नोकरीच्या पहिल्या दिवशी अपघात झाला तरी हा हक्क असतो, वर्गणी किती भरली हे पाहत नाहीत.

हा हक्क बुडतो तो असा. मालकाने नाव विम्यात घातलेलेच नसते. मग अपघात झाल्यावर धावपळ, आणि मुलाला सांगतात, "घरी पडलो म्हणून सांग, खर्च आम्ही करतो." एका कारखान्यातल्या मुलाला असे सांगितलेले मी ऐकले आहे. पहिल्या टाक्यांचे बिल त्यांनी भरले, पुढचे कोणी भरले नाही. डॉक्टरांच्या पहिल्या कागदावर जे लिहिले जाते ते पुढे पुसता येत नाही; म्हणून तिथे 'कामावर, यंत्राने' हेच लिहिले गेले पाहिजे. बरोबर गेलेल्या बाईने ते वाचून घ्यावे.

8 डिसेंबर 2023 ला तळवड्याला केकवरच्या फुलबाज्या बनविणाऱ्या शेडला आग लागून कामावरच्या बाया गेल्या, ते आपण विसरलेलो नाही. ती गोष्ट बोटांची नाही, पण आडबाजूच्या शेडमध्ये बाई पगारासाठी जाते आणि पुढे तिच्या घरच्यांनाच विचारत फिरावे लागते, ही गोष्ट तीच आहे.

मंडळाने एक काम अंगावर घ्यावे अशी माझी सूचना आहे, आणि अध्यक्षीणबाईंनी ती मान्य केली आहे. विमा लागू असलेल्या प्रत्येकाला दहा आकडी विमा क्रमांक मिळतो. तो आपल्या घरातल्या कमावत्या माणसांना, आणि खोलीतल्या भाडेकरू पोरांनाही, मिळाला आहे का, ते आज रात्री विचारा. पोरे परमुलखातली, त्यांना विचारणारे दुसरे कोण आहे? क्रमांक असेल तर महिन्याची वर्गणी कापली जाते की नाही तेही कळते, कारण पगाराच्या पावतीवर पाऊण टक्का कापलेला दिसतो. नसेल तर नाव लिहून आणा. पुढच्या मंगळवारी दुपारी भजनानंतर आपण मंडळाच्या खोलीत बसणार आहोत. दोन शिकलेल्या मुली मोबाईल घेऊन येतील आणि एकेकाची नोंद पाहून देतील. चिंचवडला मोहननगरमध्ये विम्याचे रुग्णालय आहे, तिथे जाण्याची वाट आणि लागणारे कागदही त्याच वेळी लिहून देऊ. येताना पगाराची पावती आणि आधार कार्ड बरोबर आणावे. ज्यांच्याजवळ पावतीच नाही त्यांनी तर आधी यावे.