हप्त्याचा वार
(वस्त्यांमध्ये काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



मला 'महागाई आणि मानसिक आरोग्य' असा विषय दिला आहे. विषय ऐकला की वाटते, यावर एखादा अर्थशास्त्राचा प्राध्यापक आणि एखादा डॉक्टर यांनी बोलावे. मी दोन्ही नाही. मी वस्तीत काम करते. म्हणून रोज जे कानावर येते तिथूनच सुरुवात करते.

केंद्रावर येणारी बाई "माझे मन आजारी आहे" असे कधी म्हणत नाही. ती म्हणते, डोके धरते. जीव घाबरा होतो. रात्री दोनला जाग आली की पुन्हा डोळा लागत नाही. हातापायांतले त्राणच गेले. गल्लीतला डॉक्टर सलाईन लावतो, ताकदीचे इंजेक्शन देतो, पैसे घेतो. कधी झोपेच्या गोळ्यांची पट्टी हातावर ठेवतो. काल काय जेवलीस, हे कोणी विचारत नाही. विचारले तर कळते की सकाळी चहा-बटर, दुपारी उरलेली भाकरी आणि रात्री सगळ्यांचे झाल्यावर भांड्यात जे राहील ते. महागाई घरात येते ती सगळ्यांच्या ताटात सारखी येत नाही.

रेशनकार्डावर जानेवारी २०२३ पासून माणशी पाच किलो धान्य फुकट मिळते, हे खरे. पण नुसता तांदूळ कोण खाईल? डाळ, तेल, गॅस हे बाजारातूनच आणायचे. मुंबईत २०२३ च्या ऑगस्टपर्यंत सिलिंडर अकराशेच्या वर होता, मग दोनशेने उतरला. त्या काळात कितीजणींनी पुन्हा चूल मांडली ते सकाळच्या धुरावरूनच दिसे.

आपल्या आधीच्या बायकांनी हा प्रश्न रस्त्यावर आणला होता. १९७२ साली मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकारी महागाईविरुद्ध उभ्या राहिल्या, हजारो बायका लाटणी घेऊन मोर्चाला आल्या. तेव्हा तेल मिळत नाही याचा जाब सरकारला विचारला जात होता. आज तोच जाब बाई स्वतःला विचारते. मला काटकसर जमत नाही, माझाच हात सैल आहे, असे तिला वाटते. भाव वाढले की आता मोर्चा निघत नाही, कर्ज निघते.

या कर्जाबद्दल थोडे सविस्तर बोलते, कारण माझ्या मते दुखण्याचे मूळ इथे आहे. आपल्या ओळखीचीच एक बाई समजा. पहिले कर्ज मुलीच्या फीसाठी काढले. दुसरे नवऱ्याचा पाय मोडला तेव्हा. तिसरे पहिली दोन फेडायला. एकीचा हप्ता सोमवारी, दुसरीचा बुधवारी, तिसरीचा पंधरवड्याने. व्याज वर्षाला वीस टक्क्यांच्या वर. नवऱ्याला एकच कर्ज ठाऊक. बुधवारी ती मुलाला बाहेरून कुलूप लावायला सांगते आणि दिवा न लावता आत बसते. दारावर थापा पडतात त्या वसुलीवाल्याच्या नाहीत. तो गटाच्या बैठकीत खुर्चीवर बसलेला असतो. एकीने हप्ता चुकवला तर बाकीच्यांनी भरायचा, आणि भरेपर्यंत कोणी उठायचे नाही. थापा मारणारी ही शेजारीण असते, जिच्याबरोबर तिने दहा वर्षे बचत गट चालवला.

ती शेजारीणही माझ्याकडे आली होती. म्हणाली, "ताई, मी तिला नाही नाही ते बोलले. आता मलाच झोप येत नाही."

इथे आपलीही थोडी जबाबदारी आहे. १९९२ साली नाबार्डने बचत गट बँकांना जोडायला सुरुवात केली, पुढे आपण गावोगाव गट बांधले. "बायका कर्ज बुडवत नाहीत" हे वाक्य आपण व्यासपीठावरून अभिमानाने म्हटले. ते कंपन्यांनीही ऐकले. आपली एकजूट त्यांनी तारण म्हणून ठेवून घेतली. २०१० मध्ये आंध्रात कर्जदारांच्या आत्महत्यांनंतर सरकारला वटहुकूम काढावा लागला, तेव्हाच आपण जागे व्हायला हवे होते.

समाजकार्याच्या शिक्षणात मला समुपदेशन शिकवले. सुरुवातीला मी एकीला दीर्घ श्वास घ्यायला सांगितला. तिने घेतला आणि हसून म्हणाली, "घेतला ताई. आता हप्त्याचे बोला." मला लाज वाटली. पण आपल्यातल्या काहीजणी दुसऱ्या टोकाला जातात. म्हणतात, हा आजार वगैरे काही नाही, ही गरिबी आहे. तेही मला पटत नाही. उदासी एकदा बसली की पैसे आले तरी उठेलच असे नाही. कधी औषध लागते, आणि ते घेण्यात कमीपणा नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला हे उपचार मोफत मिळण्याचा हक्क दिला आहे. १४४१६ हा टेलिमानसचा नंबर ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, तिथे मराठीतही बोलता येते. जिच्या तोंडी "सुटेन एकदाची" असे शब्द येतात तिला त्या दिवशी एकटे सोडू नका. आधी तिच्याजवळ बसा, हिशेब नंतर.

हिशेब मात्र करायचाच. त्या दोघींना आम्ही एका सतरंजीवर बसवले आणि सगळी कर्जे एका कागदावर लिहिली. आकडा पाहून आधी दोघी गप्प झाल्या. मग शेजारीण म्हणाली, माझेही लिहा.

रिझर्व्ह बँकेचे २०२२ चे नियम तेव्हा उपयोगी पडले. वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराचे सगळे हप्ते मिळून महिन्याच्या मिळकतीच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. वसुलीसाठी सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर फोन करायचा नाही. धमकी, शिवीगाळ चालत नाही. हे नियम मोठ्या अक्षरांत लिहून आम्ही बैठकीच्या जागी लावले. पुढच्या बुधवारी वसुलीवाला आला तेव्हा सातजणी तो कागद घेऊन बसल्या होत्या. कर्ज माफ झाले नाही. पण कुलूप लावावे लागले नाही, आणि हप्ता कमी करून मुदत वाढवण्याचा अर्ज गटाच्या नावाने गेला. त्याचे उत्तर अजून यायचे आहे.

दुपारच्या सत्रात आपापल्या गटांतली कर्जाची कार्डे बाहेर काढू. ज्यांनी आणली नसतील त्यांनी आठवून सांगावे. आणि ज्या कार्यकर्त्यांची स्वतःचीच कर्जे आहेत त्यांनी तीही सांगावी. माझे एक आहे, मी माझ्यापासून सुरुवात करीन.