विद्येसाठी परदेशगमन
बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी 1913 साली, शिक्षणानंतर 10 वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करारनामा लिहून घेऊन, दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती मंजूर केली आणि तरुण भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. त्या एका मंजुरीने देशाच्या इतिहासाला केवढे वळण दिले! आज विदेशी विद्यापीठे स्वतःच विद्यार्थ्यांच्या शोधार्थ हनोईपासून पुण्यापर्यंत प्रतिनिधी नेमतात, आणि त्यांतील पुष्कळांना प्रत्येक प्रवेशामागे दलाली मिळते, हे पालकांनी जाणून असावे. पण दलालाविनाही वाट आहे: मध्य प्रदेशातील देडतलाई परिसरातील कोरकू आदिवासी पदवीधरांसाठी केंद्रीय जनजाती कार्य मंत्रालयाची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती उपलब्ध आहे; जागा दरवर्षी अवघ्या 20, आणि त्या अखिल देशाला अपुऱ्या आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे. तथापि अर्ज अवश्य करा, आणि तो दलालामार्फत नव्हे, स्वतः करा.