पंखवाला मुंगळा

पावसाची पहिली मोठी सर येऊन गेली की बोईसरला संध्याकाळी दिव्याभोवती पंखवाल्या किड्यांची झुंबड उडते. गेल्या पावसाळ्याच्या तोंडाशी शेजारचे गृहस्थ असाच एक काळा किडा काडेपेटीत घालून माझ्याकडे आले. "सर, वाळवीच ना ही? उद्या चौकटी उखडून औषध मारायला माणसं बोलावलीत."

आता मी शिकवतो मराठी. प्राणिशास्त्राशी माझे नाते एका भिंगापुरते! पण तेवढ्याने काम भागले. वाळवीचे चारही पंख सारख्या लांबीचे असतात. याचे पुढचे मोठे, मागचे लहान. वाळवीला कंबर अशी नसते. याची कंबर सुतासारखी, तिच्यात एकच गाठ. मिशा कोपरासारख्या वाकलेल्या. म्हणजे ही मुंगीची जात. डोके इवलेसे, डोळे मोठे, कपाळावर आणखी तीन साधे डोळे, जबडे नावालाच. मिशांचे तुकडे मोजले, तेरा भरले. कामकरी मुंगीचे आणि राणीचे बाराच असतात. तेव्हा हा नर, आणि एकंदर ठेवण मुंगळ्याची.

इंग्रजीत या कुळाला सुतार मुंग्या म्हणतात. युरोप-अमेरिकेतल्या काही जाती लाकूड पोखरून आत राहतात. खात मात्र नाहीत. आपला नेहमीचा काळा मुंगळा बहुधा जमिनीत, झाडाच्या बुंध्याशी बीळ करतो. चौकटी वाचल्या!

एवढ्यात त्यांच्या मुलीने विचारले, "पण काका, कोणता मुंगळा?" तिला वहीत नाव लिहायचे होते. फाब्रिसियसने 1787 साली आपल्या काळ्या मुंगळ्याला दिलेले 'कॉम्प्रेसस' हे नाव माझ्या अगदी ओठांवर आले होते. खरे सांगतो, ते मी गिळले. 'कॅम्पोनोटस' या वंशात आपल्याकडे अनेक जाती आहेत, आणि त्यांचे नर एकमेकांसारखे दिसतात. मुंबई इलाख्याच्या जंगल खात्यातल्या रॉटनसाहेबांनी मुंग्या गोळा केल्या, स्वित्झर्लंडच्या फोरेलने त्यांतल्या कित्येकांना नावे दिली, बिंगहॅमचा जाडजूड ग्रंथ 1903 साली निघाला. पण ओळखण्याच्या खुणा मुख्यतः कामकरी मुंग्यांच्या. साहजिकच आहे. कामकरी बारा महिने भेटतात, नर चार दिवसांचा पाहुणा. मुंगीला मरणकाळी पंख फुटतात म्हणतात ना, ते नराच्या बाबतीत तंतोतंत खरे. राणी पंख टाकून पुढे वर्षानुवर्षे जगते.

सुट्ट्या नराची जात ठरवायची तर सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या पोटाच्या टोकाचे जननावयव तपासावे लागतात, किंवा हल्ली डीएनए वाचतात. घरगुती उपाय एकच: नर बिळातून निघतानाच गाठायचा, सोबत त्याच बिळातले लहानमोठ्या डोक्यांचे कामकरी घ्यायचे.

मुलगी अंगणातल्या आंब्याखाली चार संध्याकाळी बसून राहिली. पाचव्या दिवशी, पाऊस उघडल्यावर, मुंगळ्यांच्या गराड्यातून पंखवाले बाहेर आले. कामकऱ्यांच्या खुणा ग्रंथाशी ताडून पाहिल्या, मग तिने त्या नराच्या चिठ्ठीवर 'कॉम्प्रेसस' लिहिले.

काडेपेटीतल्या पहिल्या नराच्या चिठ्ठीवर मात्र अजून 'कॅम्पोनोटस, नर, बोईसर' एवढेच आहे. तो याच बिळातून आला होता, हे कोण सांगणार?