काळा पडदा : जुना आणि नवा



समितीने मला बजावलं आहे की, कॉम्प्युटरवर बोल, पण जेवणाआधी कुणी झोपता कामा नये. म्हणून आपल्या जुन्या ओळखीच्या काळ्या पडद्याबद्दल बोलतो.

चपला बाहेर काढून आपण लॅबमध्ये जायचो, काहीतरी टाइप करायचो आणि उत्तर यायचं, 'बॅड कमांड ऑर फाइल नेम'. हे सुनावणाऱ्याचं नाव कमांड डॉट कॉम. आपली ओळ वाचायची, अर्थ लावायचा आणि डॉसकडून काम करून घ्यायचं, ही त्याची नोकरी. मेमरी ६४० केबी, म्हणून मोठा प्रोग्रॅम आला की हा आपली अर्धी जागा रिकामी करून द्यायचा आणि नंतर फ्लॉपीवरून पुन्हा यायचा. फ्लॉपी काढलेली असली की अडून बसायचा. सर फ्लॉपीला हात का लावू देत नसत, ते आता कळलं असेल!

आज विंडोजमध्ये उघडतो तो पडदा दिसतो तसाच, पण आतला माणूस बदललाय. हा सीएमडी. विंडोज एनटीबरोबर १९९३ मध्ये आला. विंडोज ९५ आणि ९८ मध्ये मात्र जुनाच होता, त्यामुळे घरोघरी नवा पोचला तो २००१ च्या एक्सपीपासून. जुना १२७ अक्षरांपुढे ऐकत नसे, नवा ८१९१ पर्यंत ऐकतो. पण हा फरक किरकोळ.

खरा फरक बॅच फाइलमध्ये. म्हणजे एकाखाली एक लिहून ठेवलेल्या कमांड्स. (आपली बॅचही तशीच, एकदा सुरू झाली की थांबत नाही.) समजा पहिली ओळ, डेटा फ्लॉपीवर कॉपी कर; दुसरी, मूळ फाइल पूस. फ्लॉपी भरलेली असली तर कॉपी होत नसे. जुना हे पडद्यावर सांगायचा, पण बॅच फाइलला ते कळायचं नाही. ती पुढच्या ओळीवर जाऊन मूळ फाइल पुसून मोकळी. फ्लॉपीवर फाइल आहे का, असं आधी विचारता यायचं. पण गेल्या वर्षीची त्याच नावाची फाइल दिसली तरी तो 'आहे' म्हणायचा. नव्यात दोन कमांड्सच्या मध्ये '&&' टाका, पहिली फत्ते झाली तरच दुसरी चालते. माझ्या मते सगळ्या सुधारणांत हीच मोलाची.

हे आज का सांगतोय? आपल्यापैकी काही जणांच्या दुकानात, दवाखान्यात डॉसवरचा हिशेब अजून चालू आहे. ३२ बिट विंडोज अशा प्रोग्रॅमसाठी आतल्या आत एक डॉसचं मशीन उभं करायचं. ६४ बिट विंडोजमध्ये ते नाही आणि कमांड डॉट कॉमही नाही. नवा कॉम्प्युटर घेतलात की काळा पडदा दिसेल, पण जुना प्रोग्रॅम चालणार नाही. डॉसबॉक्स नावाच्या फुकट प्रोग्रॅममध्ये बहुतेक वेळा चालतो. पण त्याआधी डेटा बाहेर काढा. डीबीएफ फाइल लिब्रेऑफिसमध्ये सरळ उघडते. या अंकातली आपल्या बॅचची नावं अशाच एका फाइलमधून आली आहेत. त्या कॉम्प्युटरचा पंखा एव्हाना कुरकुरायला लागला होता.

यूएसबीला लागणारा फ्लॉपी ड्राइव्ह मी बरोबर आणला आहे. साडेतीन इंची फ्लॉप्या ज्यांनी जपून ठेवल्यात, त्यांनी जेवणानंतर पलीकडच्या वर्गात या.