संतापाचा पत्ता
(नरडाणा येथे तरुणांपुढे केलेलं भाषण)



मी गोदीतला हमाल, मॅट्रिक शिकलेला. कविता लिहितो. डॉक्टरकीतलं मला कळत नाही. पण तुमच्यातले कैक जण दवाखान्यात राबतात. कोणी वॉर्डबॉय, कोणी कंत्राटावर सफाईला, कोणी आशा. त्यांचा सवाल सरळ आहे. पेशंटचा नातेवाईक अंगावर धावून येतो, आईबहिणीवरून, जातीवरून बोलतो. तरी त्याच्यावर माया करायची? किती?

आपल्या धुळ्याचंच बघा. मार्च २०१७. सरकारी रुग्णालयात अपघातातला माणूस आणला. डोक्याला मार. मेंदूचा सर्जन तिथं नाही. हाडांच्या विभागातल्या निवासी डॉक्टरनं दुसरीकडं न्यायला सांगितलं. नातेवाइकांनी त्याला इतकं मारलं की डोळ्याला जबर इजा झाली. राज्यभरचे निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले. प्रकरण हायकोर्टात गेलं. सरकारनं ११०० रक्षक द्यायचं कबूल केलं. मारणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैदेचा कायदा तर २०१० पासूनच होता.

ज्याचा माणूस डोळ्यांदेखत चाललाय, तो ‘डाक्टर कोठे शे?’ म्हणून बोंबलणारच. तो गोड बोलेल कसा? पण ज्याचा डोळा फुटला, त्यानं काय सर्जनची जागा रिकामी ठेवली होती? रिकामी ठेवणारा कॅज्युअल्टीत कधीच उभा नसतो. गोदीत हेच चालतं. टोळीत माणसं कमी लावली की ओझं आमच्यावर येतं, आणि आम्ही शिव्या एकमेकांनाच घालतो. माणसं कमी लावणारा पंख्याखाली बसलेला असतो.

मग मायेचं काय? विनयपिटकात बघा. एक भिक्खू हगवणीनं स्वतःच्याच घाणीत पडला होता. तो कोणाच्या उपयोगी पडला नव्हता, म्हणून बाकीचे भिक्खू त्याच्याकडं फिरकत नव्हते. बुद्धानं आनंदाला पाणी आणायला लावलं, दोघांनी त्याला धुतलं. तिथंच पुढं अवघड रोगी कोण तेही सांगितलंय. पथ्य पाळत नाही, औषध घेत नाही, दुखणं खरं सांगत नाही, वेदना सोसत नाही, तो. म्हणजे असा माणूस असतो हे बुद्धाला ठाऊक होतं, आणि तरी त्याला टाका म्हणाला नाही. सेवा हे चांगल्या वागण्याचं बक्षीस नव्हे.

पण माया म्हणजे लाचारी पण नव्हे. जातीवरून कोणी अपमान केला तर १९८९ चा अ‍ॅट्रॉसिटी कायदा आहे. तक्रार करा. आणि त्याच माणसाच्या बापाची पट्टी नीट बदला. दोन्ही एकाच हातानं होतं.

रोजचं काम सांगतो. काय आहे, काय नाही, कुठं न्यायचं, हे पहिल्या मिनिटात सांगा, त्याच्या अहिराणीत सांगा. नुसतं ‘धुळ्याला न्या’ म्हणू नका. १०८ ला फोन लावून द्या. डोकं तापलं तर सोबत्याला पुढं करा, दोन मिनिटं बाहेर जा. आणि कोणती जागा रिकामी, कोणतं औषध संपलं, तारीख घालून लिहून ठेवा.

तो कागद घेऊन पेशंटचे नातेवाईक आणि तुम्ही मिळून जिल्हा परिषदेवर, कलेक्टर कचेरीवर चला. संताप गिळायचा नाही. पेशंटवर ओकायचा नाही. तो तिथं न्यायचा.

जय भीम.