बंदुकीचा रंग काढा, पण नंबर जपा
(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



पऱ्हाटीला बोंडं लागली, ज्वारी हुरड्यात आली की आपली जागल सुरू होते. रानडुकरं आणि रोही एका रात्रीत वावर आडवं करतात. म्हणून आपल्यातल्या काही घरांत पीक राखणीच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक आहे. बरीचशी आजा-बापाच्या काळातली. गंज लागू नये म्हणून कोणी तरी तिला बंडीचा उरलेला ऑइल पेंट फासलेला असतो. आज पोपडे निघतात आणि पोपड्याखाली ओल धरून गंज वाढतो. हा रंग काढायचा कसा, एवढंच आज बोलायचं आहे.

आमची चूक आधी सांगतो. आम्ही पॉलिश पेपर घेतला आणि नळी घासून चांदीसारखी केली. पावसाळा लागताच ती तांबडी झाली. परवान्याच्या नूतनीकरणाला नंबर दाखवायची वेळ आली, तर शेवटचा आकडा दिसेना. जुने कागद जपून ठेवले होते म्हणून निभावलं.

हा नंबर साधी गोष्ट नाही. शस्त्र कायदा 1959, कलम 8 पाहा. बंदुकीवर ठोकलेला किंवा अन्य रीतीने दाखवलेला नंबर, नाव, खूण मिटवणं गुन्हा आहे. ज्याच्या ताब्यात तशी बंदूक सापडेल त्यानंच ती खूण मिटवली असं कायदा धरून चालतो. तसं नाही हे त्यानं सिद्ध करायचं. म्हणून दस्त्यावर रंगानं लिहिलेला नंबर असेल, तर परवाना देणाऱ्या कार्यालयाला विचारल्याशिवाय त्याला हात लावू नका.

नळीवरची काळी-निळी झाक म्हणजे लोखंडाच्या ऑक्साइडचा अगदी पातळ थर. आंबटानं तो विरघळतो. तेव्हा चिंच, लिंबू, बॅटरीचं पाणी, गंज काढायचं ॲसिड, यातलं काही लावायचं नाही. पितळी गुंडाला जे चालतं ते बंदुकीला चालत नाही.

आता रीत. आधी बंदूक रिकामी आहे याची खात्री करा. टोपी काढा. गज नळीत घालून तोंडाशी खूण करा, मग तोच गज नळीला बाहेरून लावून पाहा. तळापर्यंत पोचत नसेल तर आत बार आहे असं समजा, बंदूक खाली ठेवा आणि परवानाधारक कारागिराला बोलवा.

रिकामी असेल तर उघड्या जागी बसा. चूल, बिडी लांब ठेवा. रंगाच्या दुकानातलं थिनर आधी झाकल्या जागी थेंबभर लावून पाहा. मग फडकं भिजवून नळीवर दहा मिनिटं ठेवा. रंग मऊ झाला की बांबूच्या कामटीनं हळू खरवडा. विळा, पत्री, पॉलिश पेपर नको. दोन-चार वेळा करावं लागेल. नंबराच्या जागी फक्त फडकं फिरवा. थिनर दस्त्यावर सांडू देऊ नका, लाकडाचं पॉलिश निघून जाईल. रंग गेला की त्याच बैठकीत नळीला मशीनचं तेल लावा, कारण थिनरनं जुनं तेलही पुसलं जातं. दस्त्याला जवसाच्या तेलाचा हलका हात पुरे.

जुन्या रंगात शिसं असू शकतं. घरगुती रंगांतल्या शिशाला 90 पीपीएमची मर्यादा नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली. आपल्या बंदुकीचा रंग त्याआधीचा. म्हणून कोरडा घासून धूळ उडवू नका, पोरं दूर ठेवा, पोपडे कागदात गोळा करा, जेवणाआधी हात साबणानं धुवा.

आणि एक ध्यानात ठेवा. बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारायची परवानगी नव्हे. ती वन खात्याकडून वेगळी घ्यावी लागते.

रंग काढायला एक दुपार लागते. गेलेला नंबर मात्र कितीही घासलं तरी परत येत नाही. घरी गेल्यावर आधी परवाना काढा, बंदुकीवरचा नंबर त्याच्याशी ताडून पाहा, आणि मगच फडकं हातात घ्या.