परसातला फायबरचा पूल

उत्तनच्या आमच्या गटातल्या एका ताईंनी दोन खोल्या शनिवार-रविवारच्या पाहुण्यांना द्यायला काढल्या. पाहुणे पहिलं विचारतात, पूल आहे का? म्हणून परसात फायबरचा पूल बसवायला ताईंनी कर्ज मागितलं. आम्ही सगळ्या जागा बघायला गेलो.

फायबरचा पूल अख्खा तयार येतो, म्हणून आधी गल्ली मोजली. ९ फूट! १० फुटी पूल तिथेच बाद. शिवाय २० फूट लांब, १० रुंद, ४ खोल म्हणजे साडेबावीस हजार लिटर पाणी. १० हजारांचे दोन टँकर ओतले तरी भरत नाही.

समुद्रकाठी पावसाळ्यात जमिनीतलं पाणी वर येतं. तेव्हा पूल रिकामा केला तर तो होडीसारखा उचलला जातो. ताई कोळीण, त्यांना हे समजवावं लागलं नाही!

शेवटी १५ बाय ८, ३ फूट खोल, सपाट तळाचा निवडला. साधारण एका टँकरचा. पाणी गाळायच्या पंपाचे आणि कुंपणाचे पैसे कर्जातच धरले. ताईंची नात ३ वर्षांची आहे. कुंपणाच्या दाराला कुलूप लागल्याशिवाय पाणी भरायचं नाही, असं लिहून घेतलं आणि मगच सह्या केल्या.